किंमत, मोल आणि माणूस

वाणिज्य शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या पहिल्या काही पाठांतच एक गोष्ट शिकविली जाते. जी वस्तू उपयोगी आहे, जी मागणीच्या मानाने दुर्मीळ आहे आणि जिची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते, त्या वस्तूला बाजारात किंमत येते. तांदळाला येते, सोन्याला येते, जमिनीला येते. फार काय, एखाद्या पेढीच्या नावलौकिकालाही येते आणि तो आपण ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मांडतो.

आता हीच तीन लक्षणे माणसाच्या मूत्रपिंडाला लावून पाहा. उपयोगिता म्हणाल, तर ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली त्याच्या दृष्टीने जगात दुसरी उपयोगी वस्तूच नाही. दुर्मिळता म्हणाल, तर मागणीच्या मानाने पुरवठा नेहमीच तोकडा. हस्तांतरण म्हणाल, तर तेही गेल्या सत्तर वर्षांत शक्य झाले आहे. शिवाय निसर्गाने प्रत्येकाला दोन मूत्रपिंडे दिली आहेत आणि एकावर माणूस जगू शकतो. मग एकाला प्राण हवे आहेत, दुसऱ्याला पैसा हवा आहे आणि दोघेही राजी आहेत, तर मध्ये येणारे आपण कोण?

हा प्रश्न ऐकताच बहुतेकांच्या मनात किळस उत्पन्न होते. परंतु किळस म्हणजे युक्तिवाद नव्हे. एके काळी प्रेताची चिरफाड करून शरीरशास्त्र शिकण्याचीही माणसाला किळस होती. तेव्हा नुसते 'छे, छे' म्हणून भागणार नाही. कारणे दिली पाहिजेत. ही कारणे शोधणाऱ्या विचारशाखेला जैवनीतिशास्त्र म्हणतात. तिची ओळख या एका अवयवाच्या आधारे करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नव्या शास्त्राची गरज का पडली?

वैद्याने कसे वागावे हा विचार तसा फार जुना. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेली शपथ आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेला उपदेश आहे. रोग्याच्या हितासाठी सर्व प्रकारे झटावे, त्याच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. परंतु या जुन्या विचारात वैद्य आणि रोगी अशी दोनच माणसे समोरासमोर होती. विसाव्या शतकात त्या दोघांमध्ये आणखी काही जण येऊन उभे राहिले: प्रयोग करणारा संशोधक, राज्यसंस्था, महागडे यंत्र आणि बाजार.

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर प्रयोग केले. त्यांच्यावरील खटल्याचा निकाल १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे लागला. त्या निकालात माणसावर करावयाच्या प्रयोगांसाठी दहा नियम घालून देण्यात आले आणि त्यांतील पहिलाच नियम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे. पण गुन्हा केवळ पराभूतांच्याच देशात घडत होता असे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, उपदंश झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्यखात्याने केवळ निरीक्षणाखाली ठेवले. पेनिसिलीन हे गुणकारी औषध उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते देण्यात आले नाही.

अशा अनुभवांतून १९७० च्या सुमारास या शाखेला स्वतंत्र रूप आले. तिच्या इंग्रजी नावाचा प्रसार अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ व्हॅन रेन्सलर पॉटर यांच्या १९७० मधील लेखाने झाला, जरी जर्मनीत फ्रिट्झ यार यांनी तसाच शब्द १९२७ सालीच वापरला होता. १९७९ साली टॉम बीचम व जेम्स चिल्ड्रेस यांनी आपल्या ग्रंथात चार तत्त्वे मांडली. माणसाच्या स्वतःच्या निर्णयाचा मान राखणे, त्याचे हित करणे, त्याचे अहित न करणे आणि न्यायाने वाटप करणे, अशी ही चार तत्त्वे आज वैद्यकीय महाविद्यालयांतून सर्वत्र शिकविली जातात. ती ऐकायला सोपी वाटतात. परंतु ती एकमेकांविरुद्ध उभी राहतात तेव्हा खरी अडचण सुरू होते. मूत्रपिंडाचा इतिहास म्हणजे याच अडचणींचा इतिहास होय.

सिएटलची समिती

रक्त शुद्ध करणारे डायलिसिसचे यंत्र नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना तयार केले. पण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी वापरावी लागत असल्याने एकाच रोग्याला ते वर्षानुवर्षे देता येत नसे. १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची बसविता येणारी नळी काढली आणि हा अडसर दूर झाला. जो रोग निश्चित मरण होता, तो आता यंत्राच्या साहाय्याने सहन करता येणारा आजार झाला.

परंतु यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ! तेव्हा कोणाला जगवावयाचे हे ठरविण्यासाठी सिएटलमध्ये सात जणांची एक समिती नेमण्यात आली. तीत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते. वैद्यकीय तपासणीत योग्य ठरलेल्या रोग्यांमधून ही समिती निवड करी. वय, विवाह, अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, एकूण मालमत्ता, शिक्षण, व्यवसाय, पूर्वीची कामगिरी आणि पुढे काही करून दाखविण्याची शक्यता, अशा गोष्टी ती विचारात घेई. १९६२ साली 'लाइफ' या साप्ताहिकाने ही हकीकत छापली आणि एकच खळबळ उडाली.

ही माणसे दुष्ट नव्हती. काहीतरी निवड करणे भागच होते. पण त्यांनी वापरलेल्या मोजपट्टीकडे जरा आपल्या नजरेने पाहू. समजा, देहूचा एक वाणी या समितीपुढे आला आहे. दुकान बुडालेले, दिवाळे निघालेले, प्रपंचाकडे लक्ष नाही. परंपरा तर असे सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खतेही त्याने इंद्रायणीत बुडविली. मालमत्ता शून्य, कामगिरी शून्य, पुढील शक्यता संशयास्पद. तुकोबांना समितीने यंत्र दिले असते का?

माणसाची उपयुक्तता मोजून त्याच्या जगण्याचा हक्क ठरविणे म्हणजे माणसाला ताळेबंदातील एक बाब करणे होय. ही चूक अमेरिकन समाजाला लवकरच उमगली. १९७२ मध्ये कायदा करून तेथील सरकारने जवळजवळ सर्व मूत्रपिंडाच्या रोग्यांचा डायलिसिसचा खर्च आपल्याकडे घेतला. आपल्या देशातही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. अर्थात डायलिसिस म्हणजे आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडून राहणे. त्यातून सुटकेचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रत्यारोपण.

विकणाऱ्याची बाजू

यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण प्रथम १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केले. दाता आणि रोगी जुळे भाऊ होते, त्यामुळे शरीराने परका अवयव म्हणून तो नाकारला नाही. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली हे यश मिळाले. पुढे १९८० नंतर सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि नात्याबाहेरच्या माणसाचे मूत्रपिंडही टिकू लागले. विज्ञानाने लावलेल्या या शोधाबरोबरच बाजाराचाही दरवाजा उघडला. जे आजवर फक्त भाऊ देऊ शकत होता, ते आता परका माणूसही देऊ शकणार होता. आणि परका माणूस फुकट कशाला देईल?

येथे विक्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण ते सगळे दलाल नाहीत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, प्रत्येक माणसाची स्वतःच्या ठायी मालकी असते, असे प्रतिपादन केले. हा विचार त्या काळी क्रांतिकारक होता. माझ्या देहाचा मालक राजा नाही, जमीनदार नाही, मीच आहे, असा त्याचा अर्थ. गुलामगिरीला विरोध करावयाचा तर याहून बळकट पाया कोणता? पण मालक म्हटला की विकण्याचा अधिकार ओघाने आलाच, असे विक्रीवादी म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञही मागे नाहीत. नोबेल पारितोषिक विजेते गॅरी बेकर यांनी हुलिओ एलियास यांच्यासह २००७ साली हिशेब मांडून दाखविला की जिवंत दात्याला सुमारे १५,००० डॉलर दिले तर मूत्रपिंडांची टंचाई संपुष्टात येईल. इराणने १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली दात्याला मोबदला देण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली आहे. शिवाय त्यांचा एक सवाल फार बोचरा आहे. खाणीत उतरणारा, उंच इमारतीच्या परातीवर चढणारा मजूर रोज आपला देह धोक्यात घालून पैसे मिळवितोच ना? मग त्याला एकदाच धोका पत्करून अधिक पैसे मिळवू देण्यास विरोध करणारे तुम्ही त्याच्या गरिबीवर दुसरा कोणता उपाय करता?

कांटचे उत्तर

या मालकीच्या सिद्धान्ताला सर्वांत मूलगामी उत्तर जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांच्या विचारात सापडते. १७८५ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्यांनी एक भेद केला. जगातील गोष्टींना एक तर किंमत असते, नाही तर प्रतिष्ठा असते. जिच्या जागी तिच्या तोडीची दुसरी गोष्ट ठेवता येते, तिला किंमत असते. जिच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, जी सर्व किमतींच्या पलीकडे असते, तिला प्रतिष्ठा असते.

हा भेद आपल्या भाषांना अपरिचित नाही. मराठीत आपण किंमत म्हणतो आणि मोलही म्हणतो. अनमोल या शब्दाचा अर्थ फार महाग असा होत नाही; मोल करताच येत नाही असा होतो. कन्नडमध्येही बाजारभावाला 'बेले' म्हणतात आणि जीवनात जपावयाच्या गोष्टीला 'मौल्य' म्हणतात. रविवार पेठेतील व्यापाऱ्याचे तांदळाचे एक पोते भिजले तर त्याच प्रतीचे दुसरे पोते दिल्याने व्यवहार पुरा होतो. पण एखाद्या आईचा मुलगा गेला तर तितक्याच वयाचा, तितकाच हुशार दुसरा मुलगा आणून देतो असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला वेडा ठरवू.

माणसाला प्रतिष्ठा का? कारण तो स्वतःसाठी हेतू ठरवू शकतो, बरे-वाईट जाणू शकतो. म्हणून त्याला केवळ दुसऱ्याच्या हेतूचे साधन बनविता कामा नये. कांट येथेच थांबले नाहीत. माणसाने स्वतःलाही निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे ते सांगतात. आपला दात दुसऱ्याच्या जबड्यात बसविण्यासाठी देणे वा विकणे हेदेखील त्यांनी १७९७ मध्ये गैर ठरविले, कारण त्या काळी युरोपात असा व्यवहार खरोखरच होत असे. माणूस आपल्या देहाचा मालक आहे, हे म्हणणेच कांट यांना मान्य नव्हते. मालक आणि मालमत्ता या दोन निराळ्या गोष्टी असाव्या लागतात. मी आणि माझा देह या तशा दोन गोष्टी आहेत का? मला ठेच लागते तेव्हा माझ्या मालकीच्या पायाला इजा झाली असे मी म्हणत नाही; मला लागले असे म्हणतो.

येथे आपल्या परंपरेतील दोन प्रतिमा आठवतात. गीतेत देहाला वस्त्राची उपमा दिली आहे, तर बसवेश्वरांच्या एका वचनात देहालाच देऊळ मानले आहे. वरवर पाहता पहिली प्रतिमा विक्रीला अनुकूल वाटेल. वस्त्रच ते, विकले तर काय बिघडले? पण गीतेचा रोख मृत्यूची भीती घालविण्याकडे आहे, देहाचा भाव ठरविण्याकडे नाही. आणि देवळाची प्रतिमा तर सरळच आहे. देवळाची चिरा दुसऱ्या देवळासाठी देता येईल, बाजारात मांडता येणार नाही. दान आणि विक्री यांतील फरक या प्रतिमेत आपोआप येतो.

माणसाची किंमत आपण करतोच की!

वाणिज्याचा विद्यार्थी येथे हटकून एक आक्षेप घेईल. आयुर्विमा काय आहे? मोटार अपघाताच्या दाव्यात काय होते? न्यायाधिकरण मृताचे वार्षिक उत्पन्न घेते, त्यातून त्याचा स्वतःवरील खर्च वजा करते आणि राहिलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा खटल्यात हे गुणक निश्चित केले. माझ्या वयाच्या, म्हणजे वीस वर्षांच्या, माणसासाठी तो गुणक १८ आहे. ही किंमत नव्हे तर काय?

हा आक्षेप चांगला आहे, पण त्यात भरपाई आणि किंमत यांची गल्लत आहे. किंमत आधी ठरते आणि ती चुकती केली की वस्तू नेण्याचा हक्क मिळतो. भरपाई नंतर दिली जाते आणि तिने कसलाच हक्क मिळत नाही. एखादा धनिक न्यायाधिकरणात आगाऊ रक्कम भरून अमुक माणसाला गाडीखाली चिरडण्याचा परवाना मागू शकत नाही. भरपाई दिल्यावरही फौजदारी खटला संपत नाही. ती रक्कम मागे राहिलेल्यांच्या पोटापाण्यासाठी असते. गेलेला माणूस त्या रकमेत विकला गेलेला नसतो.

प्रत्यक्ष ताळेबंद

तत्त्वज्ञान बाजूला ठेवून निव्वळ हिशेब पाहिला तरी विक्रीचा व्यवहार कसा दिसतो? चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींची पाहणी २००१ साली करण्यात आली आणि माधव गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. विक्रेत्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. हाती सरासरी १,०७० डॉलर पडले. जमेची बाजू इथे संपली. आता नावे बाजू पाहा. शस्त्रक्रियेनंतर कुटुंबाचे सरासरी उत्पन्न एक तृतीयांशाने घटले. सुमारे ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. तीन चतुर्थांश लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते. आणि ७९ टक्के लोकांनी सांगितले की, दुसऱ्या कोणाला आम्ही हा सल्ला देणार नाही.

म्हणजे ज्या कर्जासाठी मूत्रपिंड गेले ते कर्ज राहिलेच आणि ते फेडणारे शरीर मात्र दुबळे झाले. भांडवल विकून व्याज भरणाऱ्या पेढीचे पुढे काय होते हे आम्हाला हिशेबाच्या पुस्तकात शिकवितात.

विक्रीवादी म्हणतील की हा काळ्या बाजाराचा दोष आहे. सरकारी देखरेख असेल, योग्य भाव आणि पुढील औषधोपचार मिळतील तर असे होणार नाही. हा मुद्दा काही अंशी खरा आहे. परंतु लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञांनी तामिळनाडूतील अशा वस्त्यांचा अभ्यास करून एक गोष्ट दाखविली, तिचे उत्तर देखरेखीने मिळत नाही. जेथे मूत्रपिंड विकता येते हे सर्वांना ठाऊक झाले, तेथे सावकाराच्या लेखी ते तारण झाले. कर्ज देताना आणि वसूल करताना तो ऋणकोच्या देहाचाही हिशेब करू लागला.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाजार सुरू झाला म्हणजे ज्याला विकावयाचे आहे त्याला फक्त एक वाट मोकळी होते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ज्याला विकावयाचे नाही त्याचीही स्थिती बदलते. काल त्याच्याकडे विकण्यासारखे काही नव्हते, म्हणून सावकाराला थांबावे लागत होते. आज तो थांबत नाही, कारण ऋणकोपाशी अजून एक वस्तू शिल्लक आहे. घर गहाण, शेत गहाण, आणि आता कूसही गहाण! संमती दिली हे कागदोपत्री खरे असेल. पण नकार देण्याचे बळ ज्याच्यापाशी उरले नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे.

दान तरी निर्मळ आहे का?

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो राज्यांच्या ठरावांवरून करावा लागला आणि प्रथम गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. कर्नाटकासह इतर राज्यांनी तो पुढे स्वीकारला. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. २०११ च्या दुरुस्तीने त्यासाठी पाच ते दहा वर्षे तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. जवळच्या नातेवाइकांना अवयव देता येतो. नात्याबाहेरच्या माणसाला केवळ प्रेम वा जिव्हाळा यापोटी देता येतो आणि त्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते. म्हणजे एका समितीने बसून दोन माणसांमधील जिव्हाळा खरा आहे की खोटा हे ठरवावयाचे! काम किती अवघड आहे याची कल्पना येते. मधून मधून उघडकीला येणारी मूत्रपिंडांची प्रकरणे बहुधा याच वाटेने आलेली असतात. कागदावर जिव्हाळा आणि कागदाखाली पाकीट.

नात्यातील दानही आपण समजतो तितके सरळ नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात ३६,६४० रोग्यांवर प्रत्यारोपण झाले. त्यांत पुरुष २९,६९५ आणि स्त्रिया ६,९४५. याउलट जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांचे, विशेषतः आयांचे आणि पत्नींचे, प्रमाण फार मोठे आहे. यातील पुष्कळ दाने निखळ प्रेमाची असतील यात शंका नाही. पण घेण्याच्या रांगेत पुरुष आणि देण्याच्या रांगेत स्त्रिया असे चित्र दिसते, तेव्हा 'घरात कोणाला नकार देता येतो?' हा प्रश्न विचारावाच लागतो. बाजाराचा दबाव पैशाचा असतो, घराचा दबाव शब्दावाचून असतो.

महाभारतात शिबी राजाची कथा आहे. शरण आलेल्या कबुतराच्या भारंभार आपले मांस त्याने तराजूत घातले. शेक्सपिअरच्या नाटकातील शायलॉकही तराजू घेऊनच न्यायालयात उभा राहतो आणि करारात लिहिल्याप्रमाणे ऋणकोचे शेरभर मांस मागतो. तराजू दोन्हीकडे आहे, मांसही दोन्हीकडे आहे. पण शिबीच्या हातात सुरी त्याची स्वतःची होती आणि तो राजा होता. नाही म्हणाला असता तरी त्याला कोणी पकडून नेले नसते. नाही म्हणण्याची मोकळीक असेल तेथेच देण्याला दान म्हणता येते.

किंमत नाकारल्यावर काय?

विक्रीला नकार दिला म्हणजे आपले काम संपले, असे मात्र मुळीच नाही. डायलिसिसच्या खाटेवर वाट पाहणारा रोगीही माणूसच आहे आणि त्यालाही तीच प्रतिष्ठा आहे. त्याला नुसते तत्त्वज्ञान सांगून परत पाठविणे हा निर्दयपणा होईल.

रक्ताच्या बाबतीत आपल्या देशाने हा प्रश्न एकदा सोडविला आहे. इंग्लंडचे रिचर्ड टिटमस यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की विकत घेतलेले रक्त दान केलेल्या रक्तापेक्षा अधिक धोक्याचे ठरते, कारण पैशासाठी रक्त देणारा आपला आजार लपवितो. आपल्याकडेही व्यावसायिक रक्तदाते होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. स्वेच्छा रक्तदानाची शिबिरे आज महाविद्यालयांतूनही भरतात आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नाही, हेच त्या प्रयत्नाचे यश.

मूत्रपिंडासाठीही मार्ग आहेत. पहिला मार्ग अदलाबदलीचा. एकाच्या पत्नीचा रक्तगट त्याच्याशी जुळत नाही, पण दुसऱ्या रोग्याशी जुळतो. आणि त्या दुसऱ्याच्या पत्नीचा पहिल्याशी जुळतो. अशा दोन कुटुंबांना एकमेकांत देवघेव करण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली. पैसा वगळलेला हा जुना वस्तुविनिमयच म्हणावयाचा! अशा जोड्या जुळविण्याची शास्त्रशुद्ध रीत बसविणाऱ्या ॲल्व्हिन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, कारण दान हा करार नव्हे. एकाने ऐनवेळी माघार घेतली तर दुसऱ्याला न्यायालयात जाऊन मूत्रपिंड मागता येत नाही.

दुसरा आणि मोठा मार्ग मरणोत्तर दानाचा. हृदय धडधडत असले तरी मेंदू कायमचा निकामी झाला तर तो मृत्यूच होय, अशी कसोटी हार्वर्डच्या समितीने १९६८ साली मांडली. आपल्या कायद्यानेही मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मान्य केला आहे. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करावयाची असते आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात असू शकत नाहीत. घेणाऱ्याच्या घाईने देणाऱ्याचे मरण ठरू नये, ही त्यामागची काळजी. अशा एका दात्याच्या दोन मूत्रपिंडांनी दोन रोगी यंत्रातून सुटतात, आणि कोणा जिवंत गरिबाच्या कुशीवर सुरी चालत नाही. २०२३ साली भारतात सर्व अवयव मिळून १८,००० हून अधिक प्रत्यारोपणे झाली, परंतु मृत दात्यांची संख्या १,१०० च्या आसपासच होती. बाकी सारा भार जिवंतांनी, आणि त्यांतही बहुतांशी घरच्या बायकांनी उचलला. हे प्रमाण बदलणे आपल्या हाती आहे. मी गेल्यावर माझे अवयव द्या, एवढे घरच्यांना जिवंतपणी सांगून ठेवावयाचे आहे. कारण त्या क्षणी डॉक्टर त्यांनाच विचारणार आहेत.

आता लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. दोघे राजी असताना मध्ये येणारे आपण कोण? उत्तर असे की आपण तिऱ्हाईत नाही. ज्या समाजात एकाला कर्जापायी कूस कापून घ्यावी लागते आणि दुसऱ्याला अवयवावाचून मरावे लागते, तो समाज आपलाच आहे. माणूस म्हणजे काय याचे एक साधे उत्तर या साऱ्या विवेचनातून मिळते. ज्याच्या बदल्यात तितक्याच भावाचे दुसरे काही घेऊन व्यवहार पुरा करता येत नाही, तो माणूस. पण हे वाक्य उच्चारणाऱ्यावर एक देणे चढते. जी गोष्ट विकू नको असे आपण गरिबाला सांगतो, ती विकावी लागणार नाही अशी त्याची परिस्थिती करणे, आणि जी गोष्ट विकत घेऊ नको असे रोग्याला सांगतो, ती त्याला दानाने मिळेल अशी व्यवस्था करणे, हे ते देणे होय. ते फेडले नाही तर माणसाच्या प्रतिष्ठेचा आपला सगळा उच्चार हा केवळ न वटणारा धनादेश ठरेल.